दादाच्या एकशे बारा पायऱ्या

घोळक्यानं चालणाऱ्या माणसांची मला शिसारी आहे. पहिल्यापासून आहे, वयाला दोष देऊ नका. त्यामुळे पुतणीनं फोनवर बोटं फिरवून त्या जुन्या यात्रेच्या वाटेवरच्या सहलीत माझं नाव घातलं, तेव्हा मी तिला म्हणालो, "बाई, त्यापेक्षा मला कोंडवाड्यात नेऊन सोड."

"काका, आता त्या वाटेवर एकट्याला सोडत नाहीत. गाइडबरोबरच जावं लागतं. आणि बाबांनी तुम्हालाच जायला सांगितलंय."

बाबा म्हणजे माझा दादा. आम्ही दोघं पाथरवट. त्याच्या छातीत आता दगडाची एवढी धूळ बसलीय की खाटेवरून मोरीपर्यंत जायचं तर मध्ये दोनदा भिंत धरावी लागते. डॉक्टरनं हात टेकलेत. आदल्या आठवड्यात त्यानं मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "एकदा बघून ये. उभ्या आहेत का पडल्या, एवढंच सांग."

कशाबद्दल म्हणाला ते मला विचारावं लागलं नाही. डोंगरावरच्या देवस्थानाला जाणारी ती वाट शेकडो वर्षांची. छत्तीस वर्षांपूर्वी दरड कोसळली आणि मधल्या चढावरच्या पायऱ्या खाली गेल्या. नव्या बसवायचं काम दादाला मिळालं. एकशे बारा पायऱ्या, आणि हाताखाली मी. कामावरचा सरकारी साहेब म्हणायचा सांधे सिमेंटनं भरा. दादा म्हणायचा, सिमेंटनं पाणी अडतं आणि अडलेलं पाणी पायरी ढकलतं. त्यानं आपलंच खरं केलं. दगड दगडाला घासून सुके सांधे बसवले, प्रत्येक पायरीला मधोमध बोटभर खोलगट ढाळ दिला, आणि आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला पोटातून वाट ठेवली. त्या वाटेचं तोंड वरून अकराव्या पायरीखाली, नीट वाकल्याशिवाय दिसायचं नाही. साहेबाच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं कागद काढला की काम कच्चं आहे, दोन पावसाळे टिकणार नाही, कारागिराला काढून टाकावं.

त्या कागदाखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे. घरात दोन तान्ही लेकरं होती आणि सही केलीस तर तुला ठेवतो, असं साहेब म्हणाला होता. मी केली. पुढे दादाला कोणी घडीव दगडाला हात लावू दिला नाही. काय हात होता त्याचा, आणि जन्म गेला लोकांच्या संडास-बाथरूमच्या फरश्या बसवण्यात. सही कोणाची होती हे त्यानं कधी विचारलं नाही आणि मीही मूग गिळून बसलो. साहेबानं तो कागद दादाला उभ्या उभ्या दाखवला होता, पण खालची सही त्यानं बघितली नसेल, असं मी धरून चाललो होतो. त्या वाटेला आम्ही दोघंही पुन्हा फिरकलो नाही. पायऱ्या पडल्या असतील तर दादा मरायच्या आधीच मरणार होता, आणि उभ्या असतील तर मी खोटारडा ठरणार होतो. जाताना माझ्या मनात नक्की काय होतं ते सांगायची मला लाज वाटते.

तर ती सहल. बावीस माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर पिवळ्या टोप्या. मलाही एक घातली. सपाट डांबरी रस्त्यावर दोन्ही हातांत काठ्या घेऊन टकटक करत चालत होती. तोंडाला पांढरं मलम फासलेलं, पाठीवर नळीची पिशवी, चालता चालता तान्ह्या बाळासारखं चोखायचं. एकानं खाल्लेल्या पाकिटाचा कागद दोन दगडांच्या फटीत कोंबला आणि मग त्याच दगडाला नमस्कार केला. मी तो कागद काढून त्याच्याच पिशवीत घातला, तर मला थँक्यू म्हणाला.

आणि गाइड. गालाला माइक, कमरेला भोंगा. मी त्याचं नावच भोंगा ठेवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा त्याचा कारभार. दर वळणावर कोणी तरी राजकन्या जोगीण झालेली, दर झाडाखाली कोणाला तरी साक्षात्कार. एका ठिकाणी त्यानं आम्हाला गोल उभं केलं, छातीवर हात ठेवायला लावले आणि मधाळ आवाजात म्हणाला, "डोळे मिटा. पूर्वजांची पावलं ऐका." मी ऐकलं. शेजारच्याचं पोट गुरगुरत होतं.

दुपारी मधला चढ आला. वळण घेतलं आणि मला पायऱ्या दिसल्या. खालपासून वरपर्यंत, सरळ सुतात. एक दगड सरकलेला नाही, एक सांधा उघडलेला नाही. एकेक मोजत मी चढलो. वर पोचलो तेव्हा भोंगा सुरू झालाच होता.

"नऊशे वर्षांपूर्वीच्या या पायऱ्या. हा खोलगटपणा बघा, लाखो भाविकांच्या गुडघ्यांनी झिजलेला. सुईसुद्धा जाणार नाही असे सांधे. हे आजकालच्या माणसाचं काम नव्हे."

एका बाईनं बूट काढून अनवाणी पायानं तो खोलगट भाग कुरवाळायला सुरुवात केली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दादाचा ढाळ होता तो.

"ह्या पायऱ्या माझ्या भावानं बसवल्यात," मी म्हणालो. "छत्तीस वर्षं झाली."

सगळे माझ्याकडे वळले. भोंगा गोड हसला. "काकांना ऊन लागलंय. कोणी तरी पाणी द्या त्यांना."

कोणी तरी बाटली हातात दिली. हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हटलं. सगळ्यात वरच्या पायरीच्या सांध्यात मी ती बाटली ओतली. पाणी गपकन आत गेलं. मी अकरा पायऱ्या उतरलो, गुडघ्यावर बसलो आणि त्या तोंडापाशी हात धरला. काहीच येईना. पाण्याची वाट बुजली असेल तर आतून फुगवटा धरला असणार, म्हणजे आज ना उद्या सगळं खाली. मग बोटांना गार लागलं. पाणी आलं, नितळ, मातीचा कण नाही. छत्तीस पावसाळे ती वाट अशीच वाहत होती.

"पाहिलंत?" वरून भोंगा ओरडला. "प्राचीन जलविज्ञान!"

उरलेल्या सगळ्यांनी बाटल्या ओतल्या आणि फोन वर धरले. माझ्या डोक्यावरून पाणी, माझ्या तोंडावर फोन. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या त्या तरी किती. मला त्यांची किळस आली, मग माझी आली, आणि माझी जास्त होती. भोंगा न बघितलेल्या गोष्टीबद्दल खोटं बोलत होता. मी माझ्या डोळ्यांदेखत झालेल्या कामाबद्दल खोटं लिहून दिलं होतं.

शेवटी सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली. जाड कागद, सोनेरी कडा, "नऊशे वर्षांच्या पवित्र वाटेचा साक्षीदार". साक्षीदार हा शब्द वाचून मला तो कागद फाडावासा वाटला. पण पुतणीला दाखवायला म्हणून खिशात घातला.

दादा उशीला टेकून जागाच होता. "बोल," म्हणाला.

"उभ्या आहेत. एकशे बाराच्या एकशे बारा. पाणी अकराव्याखालून येतंय."

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "लोक काय म्हणतात?"

मी भोंग्याचं सगळं सांगितलं, चिडून, दात-ओठ खात. नऊशे वर्षं, लाखो गुडघे, ती रडणारी बाई. दादा हसायला लागला. हसता हसता खोकला, पुतणी पाठ चोळायला धावली, तरी हसतच होता. "सांधे बघून काय म्हणाला तो? परत सांग. त्याच्याच आवाजात."

त्या आवाजाची मला शिसारी होती. पण गळा मधाळ करून मी म्हणालो, "हे आजकालच्या माणसाचं काम नव्हे."

"परत."

तीनदा म्हणायला लावलं. मग त्याचं हसू ओसरलं. "हे त्या गाइडचं झालं. त्याला काय कळतंय. तू पाथरवट आहेस. तुझं काय म्हणणं?"

"काम पक्कं आहे, दादा."

"लिहून दे."

पुतणी गोंधळून आमच्याकडे बघत राहिली. मी खिशातलं ते प्रमाणपत्र काढलं, पालथं घातलं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, काम पक्कं आहे. खाली सही केली. कागद दादापुढे धरला.

दादानं कागद डोळ्यांजवळ नेला. मजकूर वाचलाच नाही. सरळ खाली बघितलं, सहीवरून अंगठा फिरवला.

"तीच आहे," तो म्हणाला, आणि कागद घडी करून उशीखाली ठेवला.