नलूने नव्या सिस्टिमला हो म्हटलं

कळसाडीच्या बाईने पत्रिकांचा गठ्ठा काउंटरवर ठेवला. वरची एक उघडली आणि खालच्या ओळीवर बोट टेकवलं.

"हाई नाव कोनी लिखं?"

'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' असं छापून त्याखाली घरातल्या लहान मुलांची नावं घालायची पद्धत आहे. बाईचं बोट त्यातल्या एका नावावर होतं. चि. यश. यश तिचा मुलगा. तो आदल्या पावसाळ्यात विहिरीत पडून गेला होता. गेलेला मुलगा बहिणीच्या लग्नाला लोकांना बोलावतोय, अशा सगळ्या पत्रिका आम्ही छापून दिल्या होत्या.

बाई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. बोट तसंच ठेवून उभी राहिली.

नलू मशीनवरून उठून पुढे आली. "मी लिखं," म्हणाली.

"तू इचारं नई?"

"नई इचारं."

"तू तं सगळास्ले इचारस ना वं," बाई म्हणाली. "मन्ही मोठीना लगीनले किती इचारं व्हतं."

 

ही नलू कोण ते सांगते. शहाद्याला बस स्टँडच्या मागच्या रस्त्यावर लग्नपत्रिकांचं एक दुकान आहे. मालक मूळचे राजस्थानचे. थोरले शेठ गेल्यावर मुलगा नितेश बघतो. मी तिथे पत्रिका मोडते, कोपऱ्याला हळद-कुंकू लावते, पाकिटात भरते. चौथी शिकले, तेवढ्यावर पत्रिका वाचता येते. नलू आत कॉम्प्युटरवर मजकूर बसवायची. ती दहावी झालेली. नवऱ्याने टाकली होती, भावाच्या घरी राहायची. ती काही माझी मैत्रीण नव्हती. इतकी वर्षं एका खोलीत बसलो, पण डबा एकत्र उघडला नाही. चिडकी होती, गर्विष्ठ होती, आणि मला येताजाता टोचायची.

"सुमनबाई, मोड सरळ घाल. पत्रिका शे, समोसा नई."

मी म्हणायचे, "तुझ्या ओळी आधी सरळ येऊ दे." एवढंच आमचं प्रेम.

पण तिचं काम मी पाहिलं आहे. आमच्या भागात पत्रिकेवर नवरानवरीची नावं घातली की झालं, असं नसतं. आजे, काके, मामे, आत्या, जावई, सगळे वयाच्या क्रमाने यावे लागतात. नाव राहिलं तर ते घर लग्नाला येत नाही. नाव खाली गेलं तर येतं, पण जेवत नाही. म्हणून लोक घरातल्या मागच्या लग्नाची पत्रिका आणतात आणि सांगतात, यावरून करा. नलूच्या कॉम्प्युटरमध्ये तालुक्यातल्या निम्म्या घरांच्या जुन्या पत्रिका होत्या. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ती त्यांच्या घरची पत्रिका उघडायची आणि बटणाला हात लावायच्या आधी विचारायची, "कोन गया? कोन रुसना? नवं कोन ऊनं?"

कोण वारलं, कोण रुसलं, नवं कोण आलं. गिऱ्हाईक आठवून आठवून सांगायचं. कुणी सांगता सांगता रडायचं, कुणी भांडायचं. नलू त्यांच्या तोंडाकडे बघत असायची आणि बोटं आपली चालत असायची. बटणांकडे पाहताना मी तिला कधी पाहिलं नाही.

एकदा धानोऱ्याचा एक पाटील आला. कोणी रुसलेलं नाही म्हणाला. नलूने पडद्याकडे मान केली. "मंग गये खेप तुन्हा भाऊनं नाव व्हतं. आते कोठे गयं?"

"त्यानं नाव नको. त्यानी मन्हा वावरना बांध कोरा."

"बांधनं बांधवर. पत्रिकामां तो तुन्हा भाऊच शे."

"पैसा मी देस का तू?"

नलूने हात मांडीवर घेतले. "मंग दुसरीकडे छाप."

पाटील तरातरा बाहेर गेला. समोरच्या टपरीवर चहा प्यायला, परत आला आणि दारातूनच म्हणाला, "टाक वं माय, टाक." तो भाऊ लग्नाला आला आणि वाढायला उभा राहिला, असं नलू पुढे वर्षभर सांगत होती. आला असेल. नलूचं सगळंच खरं नसायचं.

हे सगळं ज्या कॉम्प्युटरवर चालायचं तो जुना होता. कॉम्प्युटर लावल्यावर आधी जी जागी होते आणि बाकीच्यांना कामाला लावते तिला सिस्टिम म्हणतात, एवढं मला कळलं. आमची सिस्टिम फार जुनी झाली होती. बनवणाऱ्यांनी तिची दुरुस्ती बंद केली होती. नवा प्रिंटर तिला ओळखू यायचा नाही. गिऱ्हाइकाने मोबाइलवर पाठवलेला नवरदेवाचा फोटो उघडायचा नाही. कुणाचा पेन ड्राइव्ह लावला की कॉम्प्युटर आजारी पडायचा. पण नलूचं मराठी टायपिंग त्या जुन्या सिस्टिमवरच चालायचं. त्यासाठी मागे बोटाएवढं एक कुलूप खोचलेलं असे, ते काढलं की मराठी बंद. ते विकणारी कंपनी कधीच बुडाली होती.

सिस्टिम बदलायची की नाही, हे नितेशला ठरवता येईना. दर लग्नसराईच्या आधी म्हणायचा, बदलू. दर लग्नसराईत म्हणायचा, आता नको. शेवटी एक दिवस नलूसमोर खुर्ची ओढून बसला. "ताई, तुम्हीच सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर नाही."

आजूबाजूच्या दुकानदारांना वाटलं, केवढा मान दिला. मला तसं वाटलं नाही. बिघडलं तर बोट दाखवायला त्याला एक माणूस हवं होतं.

नलूला मात्र ते भिडलं. तिला आयुष्यात कोणी काही विचारलं नव्हतं. नवऱ्याने विचारलं नव्हतं, भावाने विचारलं नव्हतं. ती कित्येक दिवस त्याच विचारात होती. एका दुपारी तर डबा घेऊन माझ्याजवळ येऊन बसली.

"नवीमां अक्षरं दुसऱ्या जागावर शेतस, सुमनबाई."

"मग नाही म्हण."

"नई म्हनं तं काय व्हई? हाई मशीन एक दिन मरी. मंग?"

"मरेल तेव्हा बघ."

"तुन्हं काय वं. तुले कागद मोडना शे. कागद बदलत नई."

ते खरं होतं. दुसऱ्या दिवशी ती स्टँडजवळच्या टायपिंग क्लासला जाऊन नवं कसं असतं ते बघून आली. काय पाहिलं ते सांगितलं नाही. त्या दिवशी मला टोचलंसुद्धा नाही.

मग नंदुरबारहून कॉम्प्युटरवाला आला. त्याने सोपा उपाय सांगितला. नवा कॉम्प्युटर पुढे लावा, जुना कोपऱ्यात राहू द्या. ताई जुन्यावर करतील, वहिनी नव्यावर करतील. वहिनी म्हणजे नितेशची बायको पायल. ती इंग्रजी बटणं दाबायची आणि पडद्यावर मराठी यायचं. यात कुणाचं काही गेलं नसतं. पण तो तिथे थांबला नाही. नितेशकडे बघून हसत म्हणाला, "इस उमर में इनसे नहीं होगा."

नलू आतच होती. शुद्ध मराठी आमच्याकडे शाळेत आणि कचेरीत बोलतात; इथे सांगताना मी माझं बोलणं त्यातच घातलंय. नलू फार रागावली की ती बोलायची.

"कोपऱ्यात मी बसणार नाही," ती म्हणाली. "या कॉम्प्युटरमध्येच नवी सिस्टिम टाका. आजच टाका."

नितेशने पुन्हा विचारलं, "नक्की ना, ताई?"

"हो म्हटलं ना."

मी मध्ये बोलले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

संध्याकाळपर्यंत नवी सिस्टिम आली. पडदा छान दिसायला लागला, निळा-निळा. नलूने जुनी पत्रिका उघडली. पत्रिका जागेवर होती, पण मराठी नव्हतं. इंग्रजी अक्षरं, आकडे, आडव्या रेघा, टिंबं. दुसरी उघडली, तेच. सगळ्या घरांच्या पत्रिकांचं तेच. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मैंने तो पहले ही बोला था." तो बोलला नव्हता. मी तिथेच बसले होते.

परत जुनी सिस्टिम टाकायचा प्रयत्न झाला. सिस्टिम आली, पण त्या खटाटोपात मराठी टायपिंग गेलं ते गेलं. कुलूप राहिलं, ते कुठे लावायचं कुणाला कळेना. मग पुन्हा नवी टाकली आणि तीच ठेवली.

लग्नसराई तोंडावर होती. नलूने कागदाचे बारीक तुकडे कापले, त्यावर अक्षरं लिहिली आणि बटणांवर चिकटवली. चष्मा नाकाच्या टोकावर आणून एकेक अक्षर शोधायची. बोटं जुन्या जागी जायची आणि 'मामा'च्या जागी भलतंच उमटायचं. खोडायची, पुन्हा शोधायची. पायल मागे उभी राहून म्हणायची, "ताई, मैं कर दूँ?" चांगल्या मनाने म्हणायची. नलू म्हणायची, "तू पोळ्या कर." ते चांगल्या मनाने नसायचं.

कळसाडीच्या लग्नाचं काम त्याच दिवसांत आलं. नवरीचा काका आला होता, घाईत. मोठ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका पुढे केली आणि म्हणाला, "याच्यावरून करा. पोरीचं, नवरदेवाचं नाव आणि तारीख बदला." नलू विचारील तेव्हा बाकीचं सांगू, असं त्याने धरलं असणार. सगळेच तसं धरून यायचे. नलू खाली मान घालून अक्षरं शोधत होती. काका थोडा वेळ स्टुलावर बसला, मग उठून गेला. तपासायला पत्रिका त्याच्या मोबाइलवर पाठवली. त्याने तारीख बघितली आणि अंगठा पाठवला. छापली. मी मोडली. पाकिटात भरताना ती नावं माझ्याही डोळ्यांखालून गेली, पण मला त्या घरचं काय माहीत? माहीत करून घेणं हे नलूचं काम होतं.

पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची म्हणून नवरीच्या आईने, म्हणजे त्या बाईने, उघडली.

तर ती बाई काउंटरपाशी उभी. नितेश पुढे आला, पत्रिका वाचली आणि त्याचा चेहरा पडला. नलूकडे न बघता तो म्हणाला, "काकू, नवीन सिस्टिम आहे ना, त्यामुळे झालं. ताईंनीच हो म्हटलं होतं सिस्टिमला."

बाई त्याच्याकडे वळली. "माले काय करनं तुन्ही सिस्टिमनं?"

नितेश म्हणाला, दुसऱ्या छापून देतो, पैसे देऊ नका. मला वाटलं तेवढा वेळ कशाला घालवायचा. मी म्हटलं, "त्या नावावर सोनेरी पट्टी चिकटवून देते. दुपारपर्यंत होईल, दिसणार नाही."

"तेन्हा नाववर काहीच चिटकाडू नको," बाई म्हणाली.

नव्या पत्रिका पायलने केल्या. बाईने तिला सगळी नावं एकेक करून सांगितली. नलू गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून होती. छापून झाल्यावर आम्ही जुना गठ्ठा रद्दीत टाकायला उचलला, तर बाईने तो मागून घेतला. नवा एका हातात, जुना एका हातात, अशी स्टँडकडे गेली.

दुकान बंद करताना नितेश म्हणाला, "ताई, उद्यापासून तुम्ही काउंटर बघा. मशीन पायल बघेल." नलूने मान हलवली, डबा घेतला आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. नंतरही आली नाही. नितेशने दोनदा निरोप पाठवला, मग पाठवला नाही. बटणांवरचे तिचे कागद पायलने नखाने खरडून काढले.

एकदा मी तिच्याकडे गेले. भावाच्या घराच्या पडवीत कापूस निवडत बसली होती. वाळली होती. मी म्हटलं, "नितेशने तुझ्या गळ्यात मारलं सगळं."

"त्यानी इचारं," ती म्हणाली. "हो मी म्हनं."

"कॉम्प्युटरवाल्याने..."

"सुमनबाई, ते नाव कॉम्प्युटरवालानी नई लिखं." तिने सरकी बाजूला टाकली. "बटनं शोधत व्हतू. तो मानूस समोर बठेल व्हता, मी दखंच नई."

मी म्हटलं, पायलला हाताखाली घे, तू विचार, ती टाइप करील. नितेश ऐकेल. मला ते जमण्यासारखं वाटलं होतं. नलू म्हणाली, "आते कोनले इचारानं तोंड शे माले?" मग म्हणाली चहा घे. चहा पाणचट होता. मी पिऊन आले.

पुढच्या उन्हाळ्यात ती पोटाच्या दुखण्याने गेली. गंधमुक्तीची, म्हणजे उत्तरकार्याची, पत्रिका भावाने आमच्याच दुकानात छापायला टाकली. पायलने केली, लवकर केली, चूक नव्हती. नावाच्या आधी 'कै.' होतं, खाली भाऊ, भावजय, भाचे क्रमाने होते. नितेशने पैसे घेतले नाहीत आणि ते दोघातिघांना सांगितलं. मी त्या मोडल्या आणि भावाच्या हातात दिल्या.

कळसाडीची बाई आहे. नितेश आहे. मी आहे. गिऱ्हाइकाला 'कोन गया?' विचारणारी तेवढी नाही.