मामा आणि माझं केसतूड

माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी त्याच्या कातडीकडे बघणारा गृहस्थ सबंध कोलकात्यात एकच असेल, आणि तो मला मामेसासरे म्हणून मिळाला. माझ्या नवऱ्याचे हे मामा बराकपूरला फौजेच्या इस्पितळात प्रयोगशाळेत होते. जवानांच्या जखमांतला पू काचपट्टीवर पसरून तपासण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर ते तिथेच राहिले आणि काचपट्ट्या सुटल्यामुळे नातेवाइकांकडे वळले. लग्नानंतर मी पहिला नमस्कार केला तेव्हा माझ्या कोपराकडे बोट करून त्यांनी विचारलं, हे कधी खरचटलं? आशीर्वाद मिळाला, पण कोपर साबणाने धुऊन आल्यावर. मराठी मंडळाच्या गणपतीत चिटणिसांच्या मानेवर गळू दिसलं, तर सगळी आरती मामांनी त्या मानेकडे बघत म्हटली आणि मंत्रपुष्पांजली संपताच त्यांचा हात धरून बजावलं, फोडायचं नाही. गळू फोडणाऱ्यांना त्यांच्या लेखी क्षमा नव्हती.

एकदा जेवताना माझा नवरा म्हणाला की शरीरात आपलं सैन्य जंतूंशी लढतं. मामांना ते मुळीच आवडलं नाही. "मी फौजेत होतो," ते म्हणाले, "तिथे हुकूम आल्याशिवाय कोणी हलत नाही. इथे हुकूम द्यायला आहे कोण?" मग त्यांनी सगळं समजावून सांगितलं. गळवाचा जंतू कित्येकांच्या नाकात, कातडीवर निमूट राहत असतो. चीर पडली की आत शिरतो. तिथल्या पेशींना त्याचा सुगावा लागतो, आसपासच्या रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून ती लाली आणि ती ऊब. मग पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग आकसून बाहेर येतात, जंतू गिळतात आणि स्वतः मरतात. पू म्हणजे घाण नव्हे, बरीचशी त्यांचीच प्रेतं, हे त्यांनी सांगितलं ते मी वाट्यांत मिष्टी दोई, म्हणजे इथलं गोड दही, वाढत असताना. माझ्या मुलीने आपली वाटी हळूच बाजूला सारली. मामांनी ती ओढून घेतली आणि बोलता बोलता संपवली.

आम्ही हसायचो. मीही हसायची, गेल्या वर्षीच्या दुर्गापूजेपर्यंत.

तेव्हा नवरा कामासाठी पुण्याला गेला होता. माझ्या पोटरीवर केसतूड आलं आणि मी ते चिमटीत धरून फोडलं. दुसऱ्या दिवशी मामा लोकलने सियालदाला उतरून आमच्याकडे जेवायला आले. मी सलवारीत पाय लपवला, पण लंगडणं कुठे लपवणार? त्यांनी पाय पुढे करायला लावला, खिशातलं पेन काढलं आणि लालीच्या कडेकडेने निळी रेघ मारून बाजूला वेळ लिहिली. लाली रेघेच्या आत राहिली तर ठीक, बाहेर आली तर शरीराला एकट्याने झेपत नाही असं समजायचं आणि इस्पितळ गाठायचं. मला तर संध्याकाळी मैत्रिणींबरोबर मंडप बघायला जायचं होतं. जेवून मामा परत निघाले नाहीत, पेपर घेऊन बसून राहिले, याचाही मला थोडा रागच आला.

पाच वाजता लाली रेघेच्या दोन बोटं बाहेर गेली होती आणि मी पांघरूण घेऊनही कुडकुडत होते. तरी मी म्हटलं, उद्या बघू. मामांनी आवाज चढवला नाही.

"सूनबाई," ते म्हणाले, "मी हे उद्यावर टाकलेलं पाहिलंय. ऊठ."

गर्दीमुळे रस्ते बंद, टॅक्सी मिळेना. मामांनी कुठून तरी एक सायकल रिक्षा आणली, मला आणि मुलीला तिच्यात बसवलं आणि स्वतः पुढे चालत, कवायतीच्या आवाजात "साइड दीजिए, मरीज़ है" म्हणत पूजेच्या ढाक-ढोलांच्या कल्लोळातून वाट काढली. सत्तरी ओलांडलेला माणूस. डॉक्टर म्हणाले, विष रक्तात उतरायला लागलं होतं, सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड झालं असतं.

मुलगी शेजाऱ्यांकडे राहिली. पुण्याहून नवरा दुसऱ्या दिवशी पोचला, तरी मामा इस्पितळातल्या बाकड्यावरून हलले नाहीत. रोज सकाळी तिथून उठून खाटेपाशी येऊन ते आधी पाय बघायचे, मग नर्सला बघायला लावायचे. तिसऱ्या दिवशी लाली रेघेच्या आत सरकली. मामा खुर्चीवर बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले. औषधाने काम केलं, पण तुझ्या पेशींनीही कसूर केली नाही, एवढंच बोलले. मी विचारलं, आता पुन्हा नाही ना होणार?

"होऊ शकतं," ते म्हणाले. "गोवर शरीर जन्मभर लक्षात ठेवतं. हा जंतू मात्र त्याच्या नीट लक्षात राहत नाही. म्हणून तू लक्षात ठेव."

या उन्हाळ्यात गुडघ्यांनी हार खाल्ली आणि मामा आपल्या मुलीकडे नागपूरला राहायला गेले. हावड्याला आम्ही पोचवायला गेलो होतो. आभाराची वाक्यं मी टॅक्सीत मनाशी जुळवली होती, फलाटावर एकही बाहेर येईना. शेवटी बोलली ती माझी मुलगी. ती इथेच वाढलेली, तिचं मराठी बेताचं. 'वाचवली' हा शब्द तिला सापडला नाही.

"मामाआजोबा," ती म्हणाली, "तुम्ही माझी आई ठेवली."

मामांनी खिडकीच्या गजांतून हात काढून तिच्या डोक्यावर ठेवला, आणि गाडी हलेपर्यंत तो उचलला नाही.