रंगाऱ्याची थोरली

अप्पा घरं रंगवायचे, आणि ते कामावर असले की त्या घरी आलेला पाहुणासुद्धा निघायचं नाव घ्यायचा नाही. शिडीच्या वरच्या पायरीवर बसून, हातातला ब्रश क्षणभर न थांबवता, ते बोलत राहायचे. "मला अख्ख्या गावाची टकलं वरून पाठ आहेत," म्हणायचे, "पण धंद्याचं इमान आहे, नावं सांगणार नाही." एका बाईंना पांढराच, पण 'जरा वेगळा पांढरा' हवा होता. अप्पांनी एकच डबा तीनदा ढवळून तीनदा दाखवला. तिसऱ्या वेळी बाई खूश झाल्या, आणि अप्पांनी त्यांच्या नजरेचं असं कौतुक केलं की पुढची वीस वर्षं त्या घराला दुसऱ्या रंगाऱ्याचा हात लागला नाही.

हे सगळं त्यांच्या थोरल्या मुलीला ठाऊक होतं ते लोकांच्या तोंडून. घरी यायचे ते अप्पा निराळेच. भुवयांवर पांढरी धूळ, नखांत रंग, खांदा इतका आखडलेला की सदरा काढायला बायको लागायची. जेवता जेवता डोळे मिटायचे. थोरली काही सांगायला गेली, की आई ओठांवर बोट ठेवायची. "दमलेत ते. उद्या सांग." तो उद्या काही उगवला नाही. पाठचा भाऊ खुशाल झोपी जायचा, थोरली मात्र बघत बसायची.

एकदा शाळेला सुट्टी होती म्हणून ती डबा द्यायला कामावर गेली. दार उघडंच होतं. त्या घरातली दोन मुलं जमिनीवर लोळून हसत होती. अप्पा डोक्यावर रंगाची रिकामी बादली घालून, रोलर छातीशी धरून, नवरदेवासारखे ऐटीत चालत होते. बादलीखालून त्यांना दारातले पाय दिसले. बादली उतरली, चेहराही उतरला. "डबा ठेव आणि जा. आई वाट बघत असेल," ते म्हणाले. थोरली निघाली. जिना उतरताना तिला पुन्हा हसण्याचा आवाज ऐकू आला. त्या दोन मुलांची नावंसुद्धा तिला माहीत नव्हती, पण त्यांचा तिने इतका राग राग केला की रस्त्याने चालताना दात दुखायला लागले.

वर्षं गेली. थोरली चपलांच्या दुकानात कामाला लागली, तिचं लग्न झालं, मुलगी झाली. घरभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. आई गेली, आणि अप्पांच्या गुडघ्यांनी शिडीला रामराम ठोकला तेव्हा थोरलीने त्यांना आपल्याकडे आणलं. भाऊ परगावी होता. आणायचं कोणी, हा प्रश्नच नव्हता.

आता अप्पांना वेळच वेळ होता, आणि तो सगळा भिंगरीच्या वाट्याला गेला. ती त्यांना 'अरे आजोबा' म्हणायची. थोरली जन्मभर 'अहो अप्पा' म्हणत आली होती. दुकानातून घरी आली की आतून खिदळणं ऐकू यायचं, आणि ती आत शिरली की दोघं गप्प. "काय चाललंय?" "काही नाही." पोटच्या पोरीचा मत्सर करणारी आई जगात आपण एकटीच असू, असं तिला वाटायचं. तिला स्वतःची लाज वाटे, पण लाज वाटून मत्सर थोडाच कमी होतो!

एका रविवारी ती बाजारातून आली, तर भिंगरीच्या खोलीची भिंत कमरेपर्यंत पिवळीधमक झालेली. अप्पा स्टुलावर, भिंगरी फरशीवर, आणि फरशी दोघांहून पिवळी.

"वरचं कोण रंगवणार?" थोरली ओरडली.

"वरचं तिची उंची वाढेल तसं ती रंगवेल," अप्पा म्हणाले. "पोरीला घाई नाही, मला तर नाहीच नाही."

भिंगरी पोट धरून हसली. थोरलीच्या हातातली पिशवी खाली आदळली. "मला कधी असं हसवलंत तुम्ही? एकदा तरी? परक्यांच्या पोरांसाठी डोक्यावर बादली घातलीत. मला म्हणालात, डबा ठेव आणि जा!"

भिंगरी गुपचूप बाहेर सटकली. अप्पांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळवला.

"गिऱ्हाईक हसलं की पुन्हा बोलावतं," ते म्हणाले. "तो कामाचा भाग होता गं. घरी येईतो डबा रिकामा. आणि तू बघायचीस ती अशी, की वाटायचं, हिला काही खपायचं नाही."

"मी वाट बघत होते, अप्पा."

थोरली फरशी पुसायला बसली. समजलं तिला सगळं. समजून बरं मात्र वाटलं नाही.

पुढे अप्पांना दम्याने गाठलं. दोन वाक्यं बोलली की धाप लागे. भिंगरी शाळेत, जावई कामावर, दुपारी थोरली उशाशी. अशाच एका दुपारी, गप्प बसवेना म्हणून, तिने दुकानातली गोष्ट काढली. "बुटाच्या टोकात कागदाचा बोळा तसाच राहिला होता, अप्पा. एक गृहस्थ आला, म्हणतो बूट चावतो. मी मोठा दिला. तोही चावतो. आणखी मोठा दिला…"

अप्पांनी हात वर केला. "अगं, बोळा…" त्यांना धाप लागली. "बोळा शेवटी काढायचा! पहिल्याच वाक्यात काढलास!"

आणि ते हसायला लागले. गोष्टीला नाही, तिच्या सांगण्याला. खोकले, पुन्हा हसले, डोळ्यांतून पाणी आलं. "पुन्हा सांग," म्हणाले. तिने पुन्हा सांगितली, आणि पुन्हा बोळा आधीच निघाला. या वेळी तीही हसली. अप्पांनी तिचं मनगट धरलं होतं, ते झोप लागेपर्यंत सोडलं नाही.

त्या आठवड्यातच ते गेले. भेटायला माणसांची रीघ लागली. जो येई तो आपापले अप्पा घेऊन येई. कुणाची टकलं, कुणाचा वेगळा पांढरा. लोक डोळे पुसत हसत होते, आणि थोरली प्रत्येकाकडे, आपल्या घरातली भांडी शेजाऱ्याच्या फळीवर दिसावीत, तशी बघत होती. भिंगरीने आजोबांच्या चालीची नक्कल केली तेव्हा तर तिला उठून आत जावंसं वाटलं.

"आई, तू सांग ना एखादी," भिंगरी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले.

बुटाची गोष्ट थोरलीच्या अगदी ओठांवर आली होती.

"मला नाही बाई आठवत," ती म्हणाली, आणि चहाचं आधण ठेवायला उठली.