दाराच्या जागी बसलेले मालक

आठवीत शाळा सोडून मी हिंगोलीकडून कोल्हापुरात फौंड्रीच्या कामाला आलो. पुढं काम सुटलं आणि खोलीचं भाडं थकलं. घरमालक "खोली सोडा" म्हणून दोनदा सांगून गेले. मग एका सकाळी पान्हा घेऊन आले आणि खोलीचं दारच काढून घेऊन गेले.

मी काम शोधायला निघालो, पण जीव खोलीतल्या ट्रंकेत अडकलेला. अर्ध्या वाटेतून धावत परत आलो, तर उंबऱ्यात खुर्ची टाकून मालक बसलेले. मांडीवर काठी.

"मालक, तुम्ही इथं?"

"मग? दार मी काढलंय. चोरी झाली तर गल्ली माझंच नाव घेणार की! जावा पावणं, काम बघून या."

रोज तेच. रात्री उंबऱ्यातच अंथरूण टाकून घोरायचे. शेवटी त्यांची कंबर धरली, तेव्हा मलाच राहवेना. मी खोली सोडली. ट्रंकेची एक कडी त्यांनीच धरून रिक्षापर्यंत आणली.

"भाडं पाठवतो, मालक."

"जमंल तसं द्या. आधी दार बसवू दे मला."

आता कळंब्यातल्या नव्या खोलीला दार आहे, आतून कडी आहे. तरी रात्री उठून मी कडी चाचपतो. तिकडं दार नव्हतं, तेव्हा एकदाही उठलो नव्हतो.