तोंडावर विचारणाऱ्या मॅडम

मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत, कारण त्या ती लक्षात ठेवतच नसत. जो ज्या गावाहून आला, ते त्याचं नाव. "ए पारनेर, पाय खाली घे." "जामखेड, तू गप्प का?" मी काष्टीची, म्हणून मी ‘काष्टी’. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं माझं नाव त्या बाईनं सबंध प्रशिक्षणात एकदाही उच्चारलं नाही. मला त्यांचा राग पहिल्याच दिवशी आला आणि खरं सांगायचं तर तो अजून पुरता गेलेला नाही.

आम्ही सगळे नवे समुपदेशक. कुणी कॉलेजात लागलेला, कुणी संस्थेत, कुणी सरकारी दवाखान्यात. समोर बसलेला माणूस स्वतःच्या जिवाचं बरंवाईट करील का, हे ओळखायला शिकावं म्हणून आम्हाला नगरला धाडलं होतं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी एसटीत तिकीट मागताना आम्ही नगरच म्हणतो. सावेडीतल्या एका मंगल कार्यालयाचा वरचा हॉल, ऐन उन्हाळा, आणि मॅडम आल्या आल्या पंखे बंद करायच्या. हळू बोललेलं पंख्यात हरवतं म्हणे. आम्ही घामानं निथळत बसायचो. खाली लग्नाचा बँड वाजत असायचा, तो बंद करायची मात्र मॅडमचीही टाप नव्हती.

त्यांचा सगळा जीव एका वाक्यात होता आणि ते वाक्य आमच्या कुणाच्याच तोंडातून निघत नव्हतं. सरावाला मॅडम स्वतः पेशंट व्हायच्या आणि खेडवळ बोलायच्या. जामखेडचा बिचारा सज्जन माणूस. त्यानं अंग चोरून विचारलं, दादा, मनात काही वाईटसाईट विचार वगैरे येतात का. मॅडम म्हणाल्या, येत्यात की, शेजाऱ्याची म्हैस मरावी असं वाटतं. आम्ही खो खो हसलो. मॅडमनी हसू ओसरू दिलं आणि म्हणाल्या, "या माणसाला मरायचं होतं. त्याला तुम्ही म्हशीवर घालवलंत. जीव द्यायचा विचार येतो का? एवढंच विचारायचं. मान वर करून."

जामखेड म्हणाला, पण विचारलं आणि त्यामुळंच त्याच्या डोक्यात भरलं तर? आमच्याकडं असलं अभद्र तोंडातूनच काढत नाहीत, आजाऱ्याजवळ तर नाहीच. मॅडम म्हणाल्या, "त्याच्या डोक्यात ते तुझ्या आधीपासून आहे. विचारलंस तर निदान दोघांच्या डोक्यात राहील." हे त्यांनी शांतपणे सांगितलं असतं तर आम्ही वहीत लिहून घेतलं असतं. पण त्या असं बोलायच्या, जणू जामखेडनं कुणाला तरी मारूनच टाकलंय.

सौजन्य नावाची गोष्ट त्या बाईच्या गावी नव्हती. सरावात कुणी रडायला लागलं की आम्ही टेबलावरचा कागदी रुमालांचा डबा पुढं सरकवायचो. तो डबाच त्यांनी उचलून कपाटात कोंबला. म्हणाल्या, रडणाऱ्याला रुमाल देता म्हणजे गप्प हो म्हणता, तुम्हालाच सोसत नाही. ‘बरं हाय’ या उत्तरावर तर त्यांचा भलताच दात. पेशंट झाल्या की सारख्या ‘बरं हाय, बरं हाय’ म्हणायच्या आणि आम्ही पुढं सरकलो की टेबलावर हात आपटायच्या. "दार लावलं त्यानं तोंडावर. आणि तुम्ही चपला घालून निघालात."

एक दिवस मला पेशंट व्हायला सांगितलं. मनानं एखादा माणूस रचायचा आणि तो होऊन बसायचं. विचारणार होता जामखेड. मी एक म्हातारा रचला. बायको जाऊन वर्ष होत आलंय. मुलगा चाकणला कंपनीत, मुलगी नोकरीत, म्हातारा गावात एकटा. स्वभाव तापट होता, तो आता निवळला. दोन गाई होत्या, त्या शेजाऱ्याला अशाच देऊन टाकल्या. बोअरचा स्टार्टर कसा चालवायचा, ते मुलाला बोलावून दाखवलं. बायकोची ठुशी मुलीच्या हातात ठेवली. कुणाशी भांडण नाही, कशाचा हट्ट नाही. सगळं गाव म्हणतं, म्हातारा संसारातून मोकळा झाला, मन देवाकडं लागलं. मी छान रंगून सांगत होते.

मॅडम मध्येच उठल्या. कुणाचा बाप हा, म्हणून विचारलं. मी म्हटलं, कुणाचा नाही, रचलाय. म्हणाल्या, "रचलेल्या माणसाला ठुशी सुचत नाही. काष्टी, आवराआवर कोण करतं? ज्याला निघायचंय तो." माझ्या कानशिलात वाजवल्यासारखं झालं. मी म्हटलं, माझे आण्णा आता समाधानी आहेत, आणि माझ्या घरात तुम्ही नाक खुपसू नका. सगळा हॉल खाली बघत होता. मॅडम म्हणाल्या, "विचारलंयस त्यांना? नाही ना? मग बाप गेल्यावर सर्टिफिकेट फ्रेम करून लाव भिंतीला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पर्स उचलली आणि निघाले. काष्टीपर्यंत एसटीत त्या बाईला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या, की शेजारची बाई माझे ओठ बघत होती. माझा बेत पक्का होता. आण्णांना तोंडावर विचारायचं, ते ‘काय यडी का काय तू’ म्हणतील, आणि उद्या हॉलमध्ये सगळ्यांदेखत हे मॅडमच्या तोंडावर फेकायचं. बापाच्या काळजीनं मी घरी गेले नाही. बाईची जिरवायला गेले.

दिवस कलला होता. आण्णा गोठा झाडत होते. गाई देऊन टाकलेल्या, गोठ्यात शेणाचा पो नाही, तरी झाडत होते. मी म्हटलं, आण्णा, बरं हाय ना? म्हणाले, बरं हाय. माझ्या कानात टेबलावरचा हात आपटला. मग मी मान वर करून म्हटलं, "आण्णा, जीव द्यायचा इचार येतो का मनात?"

त्यांनी झाडू भिंतीला टेकवला. यडी म्हणाले नाहीत. धोतराच्या सोग्यानं हात पुसले, पुन्हा पुसले.

"येतो," म्हणाले. "लई दिस झाले. कुनी इचारलंच न्हाई. समदे म्हनले, आण्णाचं मन देवात लागलं. मी म्हनलं, लागलं आसंल."

मला रडायचं होतं आणि रुमाल द्यायला कुणी नव्हतं. पण पुढचे प्रश्न आपोआप तोंडात आले, आणि आले ते मॅडमच्या आवाजात, याचा मला त्याही वेळी संताप आला. काही ठरवलंय का. कधी. फवारणीचं औषध कुठंय, चावी कुणाकडं. आण्णांनी एकेक सांगितलं, कंबरेची चावी सोडून माझ्या हातात दिली आणि खाली बसले. आई गेल्यापासून ते असे अंग सैल सोडून बसलेले मी पाहिले नव्हते. शेजारच्या दत्तूभाऊला हाक मारली, औषधाचे डबे त्याच्या घरी नेऊन ठेवले, भावाला निघून यायला सांगितलं.

दत्तूभाऊला आण्णांजवळ बसवून अंगणात आले आणि मॅडमना फोन लावला. मला वाटलं, आता तरी दोन शब्द गोड बोलतील. मी सांगत होते, त्यांनी मध्येच तोडलं. एकटे आहेत का आत्ता? म्हटलं, नाही, शेजारचे जवळ बसलेत. "शेजारी कशाला, तू जा. सकाळी नगरला डॉक्टरांकडं आण." आणि फोन ठेवला. इतकी माणूसघाणी बाई मी जन्मात पाहिली नाही.

आण्णांचे उपचार सुरू झाले. मी हॉलमध्ये परत गेले. मॅडमनी चारचौघांत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि शेवटच्या परीक्षेत मला नापास केलं. मी भांडायला गेले. म्हटलं, स्वतःच्या बापाला विचारलं मी, आणखी काय हवं तुम्हाला? म्हणाल्या, "माझा राग आला म्हणून विचारलंस. उद्या समोर परका बसेल. तेव्हा कुणावर रागावणार?" मी दाराबाहेर येऊन पुन्हा शिव्या दिल्या. दुसऱ्या खेपेला पास झाले.

पुढं मॅडम दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या. निरोपाला जामखेडनं शाल आणली होती. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाल्या, उकडतंय, ठेव तिकडं. मी पाया पडले नाही, आभारही मानले नाहीत. गाडीत बसताना त्यांनी काच खाली केली आणि फक्त विचारलं, "काष्टी, विचारतेस ना अजून?" मी हो म्हटलं. काच वर गेली. त्यानंतर आमची गाठ नाही, आणि त्यांना कधी माझी आठवण आली असेल असं मला वाटत नाही.

दत्तूभाऊनं एक गाय परत आणून बांधली. तिला झालेली कालवड आण्णांच्या खनपटीलाच बसलेली असते. मी गावी गेले की विचारते. आधी आण्णा चिडायचे, म्हणायचे, तुझ्या त्या बाईचं डोकं फिरलेलं हाय का गं. मी म्हणायचे, हो, फिरलेलंच आहे. परवाही ते धारेला बसले होते तेव्हा विचारलं, आण्णा, जीव द्यायचा इचार येतो का?

त्यांनी सड सोडले नाहीत.

"मधी एकदा आल्ता," म्हणाले. "मंग दत्तूकडं जाऊन बसलो. त्याला सांगितलं तसं." आणि चरवी माझ्याकडं सरकवून म्हणाले, "धर, चहा टाक."