कपाटातला आयफोन

माझा भाऊ अमेरिकेत मोबाइलची अ‍ॅप्स बनवतो. गेल्या दिवाळीत मुलुंडला आला तेव्हा त्याने आईचा जुना अँड्रॉइड झुरळ उचलल्यासारखा दोन बोटांत धरला. म्हणे, "तिकडे हे कुणी वापरत नाही. शाळेतल्या पोरांकडेही आयफोन असतो." आणि जुना फोन एक्स्चेंजला देऊन नवा आयफोन तिच्या हातात ठेवला. मला विचारायचा प्रश्नच नव्हता. आईजवळ राहते ती मी, पण अक्कल सगळी तिकडे.

जुना फोन आईला तोंडपाठ होता. खालचं बटण दाबलं की मागे जाता येतं, एवढ्या भरवशावर ती कुडाळच्या मावशीला भजनं पाठवायची. नव्यावर ते बटणच नाही. त्यात आमच्या घरात महागाची वस्तू वापरायची नसते, जपायची असते. चांगल्या कपबश्या पाहुण्यांसाठी, पैठणी लग्नासाठी. तसा आयफोनही रुमालात गुंडाळून कपाटात गेला. दुपारी मावशीचा फोन यायचा आणि आई किल्ली शोधून कुलूप उघडेपर्यंत कट! मावशी रुसून बसली.

"वाट लावली त्याने तुझी," मी ओरडले. आई हसली नुसती. फक्त रविवारी सकाळी ती फोन बाहेर काढायची आणि इस्त्रीची साडी नेसून त्याच्यासमोर बसायची. तो वाजायचा नाही. जेवणं झाली की परत कपाटात. का, ते सांगायची नाही.

शेवटी मी तिच्या जुन्या फोनसारखाच एक अँड्रॉइड घेऊन आले. तिने लगेच मावशीला फोन लावला आणि मनसोक्त भांडून घेतलं. मग मला म्हणाली, "हा बरा आहे गं. पण याच्यावर तो दिसणार नाही ना?"

"कोण?"

"तुझा भाऊ. व्हिडिओ कॉल कर म्हटलं की म्हणायचा, आम्ही सगळे आयफोनवर बोलतो, तुझ्या फोनवर आम्ही दिसत नाही. म्हणून तर घेतला मी तो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्या पोळ्यांच्या मावशी याहून स्वस्तातल्या अँड्रॉइडवर रोज आपल्या लेकीला बघतात.

"आई, माणूस कुठल्याही फोनवर दिसतो. त्याला दिसायचं असेल तर."

ती बराच वेळ फोन पदराने पुसत राहिली. "त्याला माहीत नसेल गं," म्हणाली.

अ‍ॅप्स बनवतो, आणि त्याला माहीत नसेल!

पुढच्या रविवारी आई पुन्हा इस्त्रीची साडी नेसून बसली. समोर दोन्ही फोन ठेवले होते.