साठ कार्डं आणि मास्टरमावशी

मास्टरमावशी आलेल्या गिऱ्हाइकाला आधी परत पाठवायच्या. अकोल्याला जठारपेठेत त्यांचं मेमरी कार्डांच्या कॉप्या करून देणारं छोटंसं दुकान होतं. कुणी भीमगीतांचं, कुणी कीर्तनाचं, कुणी लग्नाच्या शूटिंगचं कार्ड घेऊन आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "पुरं ऐकलं का तुमी हे?" ऐकलं नसेल तर कार्ड परत. ज्या मूळ कार्डावरून कॉप्या निघतात त्याला मास्टर म्हणतात. हा शब्द दिवसभर त्यांच्या तोंडी असे, म्हणून हे नाव पडलं. नवखी माणसं मात्र त्यांना शाळेतल्या बाई समजत.

"मशीन चूक करत नाही," त्या म्हणत, "आपली चूक पंधरा जागी नेऊन ठेवते." मशीन म्हणजे एक उभा डबा. वर मास्टरसाठी एक खाच, खाली कोऱ्या कार्डांसाठी पंधरा. खाचेजवळचा दिवा हिरवा झाला तर कार्ड चांगलं, लाल झाला तर बाद. बाद कार्डावर त्या कधी मेहेरबानी करत नसत.

मी तेव्हा धारणीकडच्या शाळांसाठी पहिलीचे धडे तिथल्या मुलांच्या कोरकू भाषेत रेकॉर्ड करून घेत होते. गावातल्याच एका आजींचा आवाज होता. धारणी सोडली की नेटवर्कचा पत्ता नाही, म्हणून शाळांना कार्डावर चालणारे स्पीकर दिलेले. साठ शाळांचे शिक्षक शनिवारी धारणीला जमणार होते. तो दिवस हुकला असता तर मुलांचं अख्खं सत्र धड्यांवाचून गेलं असतं. शुक्रवारी सकाळीच मी मावशींकडे मास्टर घेऊन हजर झाले. दोनची बस गाठायची होती.

कॉम्प्युटरवर सगळं ऐकलंय, असं मी ऐटीत सांगितलं. त्यांनी कार्डाला हातसुद्धा लावला नाही.

"पोरं कायच्यावर ऐकतीन?"

स्पीकरवर, मी म्हणाले.

"मंग त्याच्यावर लाव."

मनातल्या मनात चरफडत मी पिशवीतून स्पीकर काढला. तीन धडे नीट वाजले आणि चौथ्याच्या जागी एकदम पाचवा सुरू झाला. चौथा मी आदल्या दिवशी नव्यानं रेकॉर्ड करून शेवटी कार्डात टाकला होता. कॉम्प्युटर धडे नंबरानं दाखवतो, पण हा स्वस्तातला स्पीकर ज्या क्रमानं भरले त्याच क्रमानं वाजवतो. पाचव्या धड्यात आजी विचारतात, काल मोजलेली बोरं आठवतात ना? आणि बोरं मोजायचा धडा सगळ्यांच्या शेवटी! हाच गोंधळ मी साठ शाळांत पाठवणार होते.

मावशी रागावल्या नाहीत. कार्ड कोरं करून वीसही धडे त्यांनी माझ्याकडून एकेक करून भरून घेतले आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा ऐकले. मग मशीनवर 'पूर्ण कॉपी' निवडली, म्हणजे धडे आहेत त्याच क्रमानं उतरतात. वर 'तपासणी'ही लावली. तपासणीला कॉपीइतकाच वेळ लागतो. एवढी तपासणी सोडा, बस जाईल, म्हणून मी गयावया केली. "घाई तुले हाय, पोरायले नाही," एवढंच त्या म्हणाल्या. चार फेऱ्या झाल्या. तीन दिवे लाल लागले, म्हणून पाचवी. बस केव्हाच गेली होती. संध्याकाळच्या गाडीनं मी अकोट गाठलं आणि सकाळच्या जीपनं धारणी.

शनिवारी सगळ्यांनी एकदम बटण दाबलं. साठ स्पीकरांतून एकच आजी बोलू लागल्या. सभागृह भरून गेलं. एक कोरकू गुरुजी डोळे मिटून ऐकत राहिले. मी मावशींना फोन लावून तो उंच धरला. बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, "एक मांगं पडून राह्यला." खरंच, शेवटच्या रांगेतल्या गुरुजींनी बटण उशिरा दाबलं होतं. मी तिथेच हसले आणि रडलेही. इतकं जिंकल्यासारखं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि मावशी अमरावतीला लेकीकडे राहायला निघाल्या. मशीन त्यांनी मला दिलं, पण आधी समोर बसवून त्याच धड्यांच्या साठ कार्डांचं एक अख्खं काम करून घेतलं. शाबासकी दिली नाही. ढिगातलं एक कार्ड उचललं आणि बटव्यात टाकलं.

मी म्हटलं, मावशी, तुम्हाला कोरकू कुठे येते?

"शिकून राह्यली ना," त्या म्हणाल्या. "दुकानात ऐकू ऐकू बारा धडे झाले माह्ये. आठ राह्यले."